टीएमटी नॉर्मल, तरी अडीच महिन्यांत हार्ट अटॅक: धमनीच्या भिंतीत नेमकं काय घडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थोरला भाऊ, वय ४६, सिगारेट नाही, रोज सकाळी चार किलोमीटर चालणारा. कंपनीच्या वार्षिक तपासणीत टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, नॉर्मल आली. अडीच महिन्यांनी पहाटे छातीत दुखू लागलं, अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य नस शंभर टक्के बंद निघाली, स्टेंट टाकला. बाकीच्या नसांपुढे ‘३० ते ४० टक्के’ असं लिहिलंय. तुम्ही विचारताय की टेस्ट चुकली का, अडीच महिन्यांत एवढा ब्लॉक कुठून आला, नसा साफ करता येतात का, आणि तुमचं वय ४१ आहे तर तुम्ही काय करायचं. वहिनींचाही एक प्रश्न आहे, तो शेवटी घेतो.

मी सत्तावीस वर्षं कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटच्या खोलीत, काम करतोय. हेच प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी नातेवाईक विचारतात, बहुतेकदा आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर. तिथे उभ्या उभ्या जेवढं सांगता येतं तेवढंच सांगितलं जातं. तुम्ही सवडीने लिहिलंय, म्हणून मीही सवडीने उत्तर देतो.

टेस्ट चुकली नव्हती. टीएमटी एकच गोष्ट बघते: पट्ट्यावर धाप लागेपर्यंत चालवल्यावर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं का? नस बरीच, साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास, अरुंद झाल्याशिवाय ते कमी पडत नाही. दादांची नस त्या दिवशी तेवढी अरुंद नव्हती, म्हणून पट्टी स्वच्छ आली. पण त्यांना धमनीचा आजार होता, आणि माझा अंदाज विचाराल तर तो किमान वीस वर्षं होता. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. ती कशी, हे कळलं की तुमचे बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

आपल्या सगळ्यांच्या मनात पाइपचं चित्र असतं. वर्षानुवर्षं खाल्लेलं तूप-तेल आतून थर धरतं, भोक बारीक होत जातं, एक दिवस बंद पडतं. आम्हालाही कॉलेजात जवळपास असंच शिकवलं आणि मीही अनेक वर्षं रुग्णांना कागदावर हाच पाइप काढून दाखवला. आता दाखवत नाही, कारण त्या चित्राने लोक चुकीचे निर्णय घेतात.

धमनी म्हणजे जिवंत भिंत. तिला तीन थर. सर्वांत आत एकाच पेशीच्या जाडीचं नाजूक अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, बाहेर आधाराचा थर. चरबी रक्ताच्या वाटेत, अस्तराच्या वर जमत नाही. ती अस्तराच्या खाली, भिंतीच्या पोटात साठते. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. पुरण दोन पदरांच्या मध्ये असतं, वरून बोट फिरवलं तर हाताला पोळीच लागते. फेलिक्स मार्शांड या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १९०४ मध्ये या आजाराला अथेरोस्क्लेरोसिस हे नाव दिलं. त्यातल्या ‘अथेरे’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पेज किंवा आंबील. शवविच्छेदनात गाठीचा पदर कापला की आतून खरोखर तसाच मऊ, पिवळसर लगदा बाहेर येतो. ज्याने एकदा तो पाहिला तो पुन्हा ‘पाइपमधला गाळ’ असं म्हणत नाही.

आता पुरण वाढलं की पोळी कुठल्या बाजूला फुगेल? १९८७ मध्ये शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १३६ हृदयांमधल्या मुख्य डाव्या धमनीचे छेद मोजले. त्यांना दिसलं की भिंतीत चरबीची गाठ वाढू लागली की धमनी बाहेरच्या बाजूला फुगून तिला जागा करून देते. आतलं भोक जवळपास तेवढंच राहतं. गाठीने धमनीच्या आतल्या क्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग व्यापल्यानंतर मात्र भोक लहान होऊ लागतं. अँजिओग्राफी म्हणजे रंगद्रव्याने भरलेल्या भोकाचं चित्र. भिंत त्यात दिसतच नाही. त्यामुळे रिपोर्टवर ‘३० टक्के’ लिहिलं असेल तर त्या जागी भिंतीत बऱ्यापैकी मोठी गाठ असू शकते. आणि ‘नॉर्मल’ लिहिलं असेल तिथेही लहान गाठ असू शकते. तुम्ही कागदावरचे तीस-चाळीस टक्के वाचून ‘बाकी ठीक आहे’ असं लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. दादांच्या बाकीच्या नसांनाही तोच आजार आहे.

गाठ सुरू कशी होते? १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय आनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि सशांच्या धमन्यांमध्ये माणसासारख्याच गाठी तयार झाल्या. त्या वेळी अनेकांनी ते मनावर घेतलं नाही. ससा शाकाहारी प्राणी, त्याला असलं काही खाऊ घातलं तर बिघाड होणारच, असा युक्तिवाद झाला. उंदीर आणि कुत्र्यांवर तसा परिणाम दिसेना, त्यामुळे शंका आणखी वाढल्या. आज मागे वळून पाहताना वाटतं की तो प्रयोग गांभीर्याने घेतला असता तर निम्मं शतक वाचलं असतं.

आज जे चित्र मान्य आहे ते असं. रक्तात कोलेस्टेरॉल एकटं फिरत नाही, ते प्रथिनाच्या वेष्टनातल्या कणांमधून फिरतं. त्यातले एलडीएलचे, म्हणजे ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात त्याचे, कण इतके बारीक असतात की ते अस्तर ओलांडून भिंतीत ये-जा करत राहतात. बहुतेक परत जातात. काही मात्र भिंतीतल्या धाग्यांना, प्रोटिओग्लायकन नावाच्या रेणूंना, अडकून राहतात. १९९५ मध्ये केविन जॉन विल्यम्स आणि आयरा टॅबस यांनी मांडलं की आजाराची खरी सुरुवात हीच: कण अडकणं. रक्तात जितके कण जास्त तितके अडकणारे जास्त. ते कण खवट होतात, आणि भिंत त्यांना शत्रू समजू लागते.

मग सगळ्या धमन्या सारख्याच का खराब होत नाहीत? कारण जागा. गाठी प्रामुख्याने फाटे फुटतात तिथे आणि वळणांवर होतात. पंचगंगेचं किंवा कृष्णेचं वळण पाहिलं असेल, तर आतल्या काठाला, जिथे धार मंदावते, तिथे गाळ बसलेला दिसतो. धमनीतही मंद आणि घुटमळणाऱ्या प्रवाहाच्या जागा ठरलेल्या असतात. पण इथे नुसता गाळ बसत नाही. अस्तराच्या पेशींना प्रवाहाचा स्पर्श कळतो. सरळ, जोरकस धारेत त्या एका दिशेला आडव्या पडून घट्ट विणीने राहतात. घुटमळत्या प्रवाहात त्यांची वीण सैल होते, त्यांच्यातली वेगळी जनुकं चालू होतात, आणि पांढऱ्या पेशींना चिकटायला मदत करणारे रेणू त्या पृष्ठभागावर आणतात. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हे तिघेही याच अस्तराला आणखी कमकुवत करतात.

पुढचा भाग समजायला वैद्यकाला सर्वांत जास्त वेळ लागला. चिकटलेल्या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि अडकलेले कण गिळू लागतात. गिळून गिळून त्या चरबीच्या थेंबांनी भरतात, सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत उंदरांमध्ये पेशींना जन्मापासून खूण करून त्यांचा माग काढण्याचं तंत्र आलं, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. गाठीतल्या ज्यांना आपण पांढऱ्या पेशी समजत होतो त्यातल्या बऱ्याच मुळात धमनीच्या स्नायूपेशी होत्या. भिंतीच्या स्वतःच्याच पेशी रूप बदलून या गर्दीत सामील झालेल्या. काही स्नायूपेशी मात्र वर सरकून गाठीवर तंतूंचं झाकण विणतात, आणि आपण सगळे त्या झाकणाच्या भरवशावर जगतो.

फेसाळ पेशी मरतात. निरोगी ऊतीत मेलेली पेशी शेजारची पेशी लगेच उचलून नेते. गाठ जुनी होत गेली की ही साफसफाई मंदावते, प्रेतं साचतात, आणि मध्यभागी तो आंबिलीसारखा लगदा तयार होतो. त्यात कोलेस्टेरॉलचे टोकदार स्फटिक असतात. २०१० मध्ये लक्षात आलं की हे स्फटिक पेशीच्या आतली धोक्याची एक घंटाच वाजवतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा दाह पेटवणारा रेणू बाहेर पडतो. दाह म्हणजे गळू झाल्यावर जी लाली, सूज, ठणका येतो तीच प्रक्रिया, फक्त इथे मंद आणि वर्षानुवर्षं, विस्तव राखेखाली धुमसावा तशी.

दाह हा आजाराचा भाग आहे की नुसती सोबत, यावर शतकभर वाद होता. रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५० च्या दशकातच दाहाकडे बोट दाखवलं होतं. रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये ठामपणे लिहिलं की अथेरोस्क्लेरोसिस हा दाहाचा आजार आहे. पण पुरावा मिळाला २०१७ मध्ये, कॅन्टोस नावाच्या चाचणीत. आधी अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांमध्ये त्याच इंटरल्यूकिनला अडवणारं इंजेक्शन दिलं. एलडीएलला अजिबात हात न लावता अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, औषध प्रचंड महाग होतं, त्यामुळे ते हृदयासाठी वापरात आलं नाही. सिद्धांत मात्र पक्का झाला.

त्यानंतर गाउट या सांधेदुखीवरच्या जुन्या, स्वस्त कोल्चिसिनची पाळी आली. २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने पुढचे झटके ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०२४ मध्ये ताज्या अटॅकनंतर लगेच देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणून मी ते निवडक रुग्णांनाच देतो. हे लिहिताना एक धास्ती वाटते: आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी, तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं आणि तो कंद जीवघेणा विषारी आहे. औषधाचं नाव वाचून कुणी कळलावीच्या वाटेला जाऊ नये.

आता दादांची ती पहाट. १९८० मध्ये डिवूड आणि सहकाऱ्यांनी अटॅक सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत अँजिओग्राफी करण्याचं धाडस केलं, आणि ८७ टक्के रुग्णांत नस पूर्ण बंद दिसली. बंद करणारी गोष्ट होती ताजी गुठळी. म्हणजे गाठ हळूहळू वाढत जाऊन भोक बुजत नाही, अखेरचा घाव गुठळी घालते. मग १९८८ च्या सुमारास संशोधकांनी अटॅक येण्याआधी काही कारणाने झालेल्या जुन्या अँजिओग्राफी काढून ताज्याशी पडताळल्या. अटॅक देणारी जागा बहुतेकदा आधी पन्नास टक्क्यांपेक्षाही कमी अरुंद होती. इथे एक खुलासा करायला हवा, कारण हे वाक्य अर्धवट फिरतं. एकेकटी घेतली तर मोठी गाठ लहान गाठीपेक्षा जास्तच धोकादायक. पण एका माणसाच्या धमन्यांत मोठी गाठ एखादी आणि लहान गाठी पुष्कळ, म्हणून एकूण झटक्यांत लहान गाठींचा वाटा मोठा निघतो.

गुठळी का होते? भारतात जन्मलेल्या पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमानी यांनी अमेरिकेत अचानक मृत्यू आलेल्या लोकांच्या शेकडो हृदयांचा अभ्यास केला. फुटलेल्या गाठींचं झाकण ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ असतं, असं त्यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दाह धुमसत असताना पांढऱ्या पेशी झाकणाचे तंतू खाऊन ते पातळ करत राहतात. दुधावरची पातळ साय एका फुंकरीने फाटते तसं एखाद्या पहाटे रक्तदाब चढला, नाडी वाढली, की झाकण फाटतं. आतला लगदा रक्ताला लागतो. रक्ताला वाटतं जखम झाली, आणि काही मिनिटांत गुठळी धरते. हीच गुठळी बोट कापलं असतं तर प्राण वाचवणारी ठरली असती.

सगळ्याच गुठळ्या फाटण्याने होत नाहीत. साधारण एक तृतीयांश वेळा झाकण शाबूत असतं, फक्त वरचं अस्तर खरवडल्यासारखं निघून गेलेलं असतं. तरुण स्त्रिया आणि धूम्रपान करणाऱ्यांत हा प्रकार जास्त. आणि आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते: बहुतेक वेळा झाकण फाटतं ते कळतही नाही. छोटी गुठळी होते, जागेवर भरून येते, आणि गाठ एका पायरीने मोठी होते. म्हणून नस ‘हळूहळू’ अरुंद होत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी होते. तुमच्या ‘अडीच महिन्यांत एवढा ब्लॉक कसा’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. भोक आतून बुजायला बहुधा काही मिनिटंच लागली. त्याआधीची वीस वर्षं गाठ आणि झाकण तयार होत होतं.

वीस वर्षं हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. सरासरी वय २२. निवडून घेतलेले, धडधाकट. त्यातल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. आणि हा नुसता आधुनिक काळाचा शाप आहे असंही नाही. २०१३ मध्ये इजिप्त, पेरू, उत्तर अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्यूशन बेटं इथल्या १३७ ममींचं सीटी स्कॅन झालं, तेव्हा ४७ ममींमध्ये कॅल्शियम चढलेल्या, म्हणजे जुन्या गाठींची खूण असलेल्या, धमन्या सापडल्या.

मग हे अटळ आहे का? इथे बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक आठवतात. शिकार, मासेमारी, थोडी शेती, दिवसभर अंगमेहनत. २०१७ मध्ये त्यांच्यातल्या चाळिशीपुढच्या ७०५ जणांचं स्कॅन केलं. ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा कणही नव्हता. त्यांच्या पोटात जंत, अंगात सतत काही ना काही संसर्ग, निम्म्या लोकांत दाहाची खूण वाढलेली. तरी धमन्या स्वच्छ, कारण एलडीएल सरासरी ९१. विस्तव होता, जळण नव्हतं. दाह आणि कोलेस्टेरॉल यांपैकी आधी कोण, या वादात हा पुरावा मला फार बोलका वाटतो.

जळणाचा हिशेब आयुष्यभराचा असतो, हे समजणं ही माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली सर्वांत मोठी प्रगती. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात पेशींवरचा एलडीएल पकडणारा ग्राहक (रिसेप्टर) शोधला, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. ज्या मुलांत हा ग्राहक आई आणि वडील दोन्हीकडून सदोष येतो त्यांना शाळेच्या वयात हार्ट अटॅक येतात. ना मधुमेह, ना तंबाखू, ना टेन्शन, फक्त जन्मापासून चढलेलं एलडीएल. २००६ मध्ये याच्या उलट बाजू समोर आली. काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत पीसीएसके-९ नावाच्या जनुकात जन्मजात बिघाड असतो आणि त्यामुळे एलडीएल २८ टक्के कमी राहतं. पंधरा वर्षांच्या पाहणीत त्यांच्यात हृदयधमनीचा आजार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. आता याच्याशेजारी औषधांचा आकडा ठेवा. मध्यम वयात स्टॅटिन ही एलडीएल उतरवणारी गोळी सुरू करून एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरवलं तर पाचेक वर्षांत झटके सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. तेवढ्याच उतरणीचा परिणाम इतका वेगळा, कारण एकीकडे जन्मापासूनची वर्षं आहेत आणि दुसरीकडे पाच. माझ्याकडे येणारे लोक विचारतात, ‘डॉक्टर, माझं कोलेस्टेरॉल किती?’ मी म्हणतो, किती आहे ते पाहूच, पण किती वर्षं आहे ते सांगा.

जे मार्ग बंद निघाले त्यांनीही शिकवलं. एचडीएल म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ वाढवणारं एक औषध १५,००० लोकांत तपासलं जात होतं. एचडीएल खूप वाढलं, पण मृत्यूही वाढले, आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. ‘ई’ जीवनसत्त्वाने काही साधलं नाही. जंतूंचा संशय घेऊन दिलेल्या अँटिबायोटिकनेही नाही. तेव्हा लॅबच्या कागदावर एचडीएल ६० पाहून कुणी निर्धास्त होत असेल तर होऊ नये.

आपल्या लोकांत हे लवकर का होतं, हेही तुम्ही विचारलंय. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरांना सुमारे ५९ व्या. कारणं परकी नव्हती: एलडीएल-एचडीएलचं बिघडलेलं प्रमाण, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मनावरचा ताण, कमी फळं-भाज्या, कमी हालचाल. आपल्याकडे ती फक्त लवकर गाठतात. तुम्ही ‘सिगारेट नाही’ लिहिलंत, पण दादा तंबाखू मळतात का ते लिहिलं नाहीत. त्याच अभ्यासात चघळण्याच्या तंबाखूने अटॅकची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. आणि घरातल्या बायकांना विचाराल तेव्हा मशेरीचं नाव घेऊन विचारा. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की माझ्याकडे मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात.

एक तपासणी आपल्याकडे फार कमी होते. लायपोप्रोटीन-ए. कारे बर्ग यांनी १९६३ मध्ये नॉर्वेत शोधलेला हा एलडीएलचाच भाऊबंद. त्याची पातळी जवळजवळ पूर्ण आनुवंशिक, खाण्या-चालण्याने ती हलत नाही. साधारण पाचातल्या एकात ती जास्त असते. पथ्यपाणी सांभाळणाऱ्या, चालणाऱ्या माणसाला ४६ व्या वर्षी अटॅक येतो तेव्हा मी हे हमखास पाहतो. दादांचं करून घ्या. जास्त निघालं तर तुमचं आणि मुलांचंही एकदा करा. एकदाच पुरतं.

नसा साफ करण्याबद्दल. आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा काढा मला वर्षाला किमान शंभर जण दाखवतात, आणि शिरेतून औषध सोडून ब्लॉक विरघळवण्याची हमी देणारी दुकानंही आहेत. पुरणपोळीचं चित्र पुन्हा आठवा. आतल्या पदरात बसलेलं पुरण वरून धुऊन निघत नाही. एका शेतकरी रुग्णाने अशा उपचारांवर दीड लाख घालवले आणि त्या चार महिन्यांत आपल्या गोळ्या बंद ठेवल्या. दुसऱ्या अटॅकनंतर ते माझ्याकडे आले. लसूण जेवणात जरूर खा, त्याच्या भरवशावर गोळी मात्र सोडू नका.

पण गाठ बदलते, हे खरं आहे. एलडीएल पुरेसं खाली नेलं तर ती थोडी आकसते. किती? फार नाही, काही टक्के. खरा फायदा दुसरीकडे आहे. २०२२ मध्ये पॅकमन नावाच्या चाचणीत अटॅक येऊन गेलेल्या ३०० रुग्णांच्या धमनीत आतून प्रकाशकिरणांचा कॅमेरा घालून झाकणाची जाडी मोजली. वर्षभरात नुसत्या भारी स्टॅटिनने झाकण सरासरी ३३ मायक्रॉनने जाड झालं, आणि पीसीएसके-९ ला अडवणारं इंजेक्शन जोडलं तर सुमारे ६३ मायक्रॉनने. ६५ मायक्रॉनची ती सीमारेषा आठवतेय? गाठ जवळपास तेवढीच राहिली, भोक तेवढंच राहिलं, पण साय दाट झाली. याच कारणाने स्टॅटिन घेताना सीटीवरचा कॅल्शियम स्कोअर कधी कधी वाढतो. लोक घाबरून गोळी थांबवतात. मऊ गाठ घट्ट होत असल्याचं ते लक्षण आहे.

या स्टॅटिनचा मूळ शोध अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने लावला. हजारो बुरशा तपासता तपासता १९७३ मध्ये त्यांना क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत हा पदार्थ मिळाला. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि कोलेस्टेरॉलवरचा जुना वाद बहुतांश मिटला. ‘स्टॅटिन विषारी’ असे फॉरवर्ड वाचून त्या बंद करणारे रुग्ण मी पाहतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

स्टेंटबद्दल एक स्पष्ट करतो. अटॅक चालू असताना स्टेंट प्राण वाचवतो, दादांचा वाचवला. पण स्थिर, मेहनत केल्यावर दुखणाऱ्या आजारात स्टेंट दुखणं कमी करतो, आयुष्य वाढवत नाही. २००७ ची करेज आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली ५,१७९ रुग्णांची इस्केमिया, दोन्ही चाचण्या हेच सांगतात. कारण उघड आहे: स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर जागा उघडतो, आजार सगळ्या भिंतीभर असतो. त्यामुळे उद्या कुणी ‘त्या चाळीस टक्क्यांनाही स्टेंट टाकून घ्या’ म्हटलं तर आधी दुसरं मत घ्या.

आता तुमचं. ४१ वय, सख्ख्या भावाला ४६ व्या वर्षी अटॅक. तुमची जोखीम शेजाऱ्यापेक्षा जास्त आहे, आणि तुमच्याकडे दादांना मिळाला नाही तो वेळ आहे. नुसती टीएमटी करून समाधान मानू नका, ती काय बघते ते वर सांगितलंच. लिपिड प्रोफाइल, जमल्यास अपो-बी (एलडीएलसारख्या कणांची संख्या सांगणारी तपासणी), लायपोप्रोटीन-ए, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि घरी आठवडाभर मोजलेला रक्तदाब, एवढं घेऊन डॉक्टरांकडे जा. निर्णय अडत असेल तर कॅल्शियम स्कोअरचा सीटी उपयोगी पडतो, पण चाळिशीत शून्य आला तरी मऊ गाठी नाहीतच असं म्हणता येत नाही. दादांचे अटॅकच्या आधीचे कंपनीचे रिपोर्ट शोधा. अटॅकनंतर एक-दोन दिवसांत एलडीएल तात्पुरतं खाली येतं, त्यामुळे हॉस्पिटलमधला आकडा फसवा असू शकतो. जुन्या रिपोर्टमध्ये ते १९० च्या वर असेल तर दोष घराण्यातला असू शकतो आणि मग मुलांचीही तपासणी आत्ताच हवी. तसं नसेल तरी कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करायला सांगितली आहे. कोरियातल्या त्या बावीस वर्षांच्या मुलांचा विचार केला तर यात घाई काहीच नाही.

राहिला वहिनींचा प्रश्न. दादांचं एलडीएल १४२ वरून ५८ वर आलं, मग गोळी अर्धी करायची का? वहिनी, ५८ आलंय ते गोळीमुळे. अर्धी केली की काही आठवड्यांत ते पुन्हा चढेल, आणि ज्या झाकणाला जाड व्हायला वर्ष लागतं त्याचं काम मध्येच थांबेल. अटॅक येऊन गेलेल्यांसाठी त्याच २०२४ च्या मार्गदर्शनात एलडीएल ५५ च्या खाली ठेवायला सांगितलंय. म्हणजे ५८ हे अजून थोडं जास्तच आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना गोळी कमी करण्याबद्दल विचारण्याऐवजी सोबत एझेटिमाइब ही एलडीएल उतरवणारी दुसरी गोळी जोडायची का, एवढं विचारा.